‘वृक्षारोपण करण्यात आले’

मराठीच्या प्राध्यापकाने झाडांवर लिहू नये, झाडांवरच्या कवितांवर लिहावे, असा एक अलिखित संकेत आपल्या विद्यापीठीय जगात आहे. तो मी आज मोडतो आहे, पण त्याचे निमित्त व्याकरणाचेच आहे. गेली पंधरा-सोळा वर्षे मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि तितकीच वर्षे महाविद्यालयाच्या अहवालांचे मराठीही लिहितो. विज्ञान शाखेचे सहकारी ‘सर, तुमची भाषा चांगली आहे’ असे म्हणून आपले कागद माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी ते सुसंगत करून देतो. या सेवेत एक वाक्य मी दरवर्षी न चुकता लिहिले आहे : ‘जागतिक पर्यावरण दिनानिमित्त महाविद्यालयाच्या परिसरात वृक्षारोपण करण्यात आले.’

हे वाक्य आपण वर्गात फळ्यावर लिहून सोडवतो तसे सोडवून पाहावे. या वाक्यात कर्ता नाही. कोणी लावले, हे वाक्य सांगत नाही. ते सांगावे लागू नये म्हणूनच ही रचना आहे. कर्मणी प्रयोगाचे हे कचेरीतले रूप जबाबदारी झाकण्यासाठी फार सोयीचे असते. कर्म पाहावे तर ‘वृक्षारोपण’ हा सामासिक शब्द पुढे येतो. त्यात वृक्ष आहे, पण तो आंब्याचा की करंजाचा, एक की पन्नास, हे त्याला ठाऊक नाही. शिवाय जे लावले गेले ते वृक्ष नव्हतेच; काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली वीतभर रोपे होती. राहिले क्रियापद. ‘आले’ हा भूतकाळ काम संपल्याचे सांगतो. खरे म्हणजे झाडाचे काम त्या दिवशी सुरू होते आणि निदान तीन उन्हाळे चालते. ज्या वाक्यात कर्ता नाही, नेमके कर्म नाही आणि ज्याचे क्रियापद काम सुरू होताच ते संपल्याचे जाहीर करते, ते वाक्य आपण पर्यावरणरक्षणाचा पुरावा म्हणून सादर करतो. माझे म्हणणे असे आहे की आपल्या महाविद्यालयांतला ‘हरित परिसर’ हा बहुतांशी या वाक्यातच उगवतो आणि या वाक्यातच वाळतो. आणि त्याचे लेखनिक आपण आहोत.

पाच जूनचेच घ्या. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आरंभ त्या दिवशी झाला म्हणून तो जागतिक दिन ठरला. आपल्याकडे तो उन्हाळी सुटीत येतो. विद्यार्थी गावी असतात, पाऊस अजून कोकणात उतरायचा असतो. मग चार-पाच प्राध्यापक, प्राचार्य आणि दोन शिपाईमामा एवढ्यांनी मिळून खड्ड्याभोवती उभे राहायचे. खड्डा मामांनी आदल्या दिवशी खणलेला असतो. एका रोपाला सहा हात लागतात, छायाचित्र निघते. त्यानंतरची चार महिन्यांची काळजी पाऊस घेतो. दिवाळीनंतर आळ्यातली माती तडकू लागते तेव्हा आपण सत्रपरीक्षेत असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याची खरी गरज लागते तेव्हा प्रात्यक्षिके आणि पर्यवेक्षण असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत रोप मरते तेव्हा आपण उत्तरपत्रिका तपासत असतो. झाडाचे वर्ष आणि शैक्षणिक वर्ष यांची अशी गाठच पडत नाही. पुढच्या पाच जूनला खड्डा खणण्याचे कष्टही वाचतात, कारण तो असतोच. एकाच खड्ड्यात चार वर्षांत चार रोपे लावलेली मी पाहिली आहेत. अहवालात ती चार झाडे आहेत.

महाविद्यालये हे कुठून शिकली, असे विचारण्याची सोय नाही. शासनानेच तो धडा मोठ्या अक्षरांत गिरवून दिला. २०१६ साली एका दिवसात दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट महाराष्ट्राने जाहीर केले. आम्हांला त्यातला वाटा वाटून देण्यात आला, छायाचित्रे पाठवण्याची मुदत कळवण्यात आली. (‘देण्यात आला’, ‘कळवण्यात आली’ : बघा, ही रचना एकदा हाताला लागली की सुटत नाही.) जगलेल्या झाडांची छायाचित्रे तेवढ्याच तातडीने मागवल्याचे माझ्या तरी आठवणीत नाही.

त्यात नॅकच्या मूल्यांकनाची भर पडली. २०१७ साली सुधारलेल्या आराखड्यात सातव्या निकषाखाली हरित परिसर, ऊर्जा, पाणी, कचरा, पर्यावरण-परीक्षण यांना गुण आले. हेतू वाईट नव्हता. पण गुण पुराव्याला होते आणि पुरावा म्हणजे कागद आणि अक्षांश-रेखांश छापलेले छायाचित्र. त्यामुळे परिसरापेक्षा परिसराचे पुरावे झपाट्याने वाढले. ‘कागदविरहित कार्यालय’ या उपक्रमाची नस्ती मी स्वतः पाहिली आहे, तिला तीन खंड होते. महिन्यातून एकदा ‘वाहनमुक्त दिन’ होतो आणि त्या दिवशी आमच्या दुचाक्या फाटकासमोरच्या चहाच्या गाड्याशेजारी रांगेत उभ्या असतात. दीपप्रज्वलनाऐवजी कुंडीतल्या रोपाला पाणी घालून चर्चासत्राचे उद्घाटन करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप दिले जाते आणि ते परतीच्या घाईत विश्रामगृहाच्या खिडकीत राहते. व्यासपीठामागे वीस फुटी फ्लेक्स असतो. त्याच्यावर हिरवी पृथ्वी दोन तळहातांत धरलेली असते आणि तो फ्लेक्स जाळता येत नाही, पुरता येत नाही, कुजतही नाही.

इथवर वाचून साहित्याचे अध्यापक सुखावले असतील. दोष प्रशासनाचा, विज्ञानवाल्यांचा, शासनाचा. म्हणून आता आपल्या विभागाकडे वळतो. पर्यावरणवादी समीक्षा हा गेल्या काही वर्षांत आपल्या चर्चासत्रांचा आवडता विषय झाला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’वर, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’वर, विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’वर निबंध वाचले जातात. निबंधांत ‘निसर्ग आणि मानव यांचे अतूट नाते’ असते आणि प्रत्येक श्रोत्यासमोर पाण्याची एकेक सीलबंद बाटली असते. दुर्गाबाईंचे ते १९५६ सालचे पुस्तक मुळात पाहण्याची शिस्त शिकवते. कोणत्या महिन्यात कोणते झाड काय करते याची नोंद घ्यायला लावते. ते पुस्तक शिकवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या महाविद्यालयातल्या दहा झाडांची नावे सांगता येतील? मी स्वतः गतवर्षी हा प्रयत्न केला आणि सहाव्या झाडाशी अडखळलो. ज्याला मी अनेक वर्षे अशोक म्हणत होतो तो सीतेचा अशोक नव्हेच, तो कुंपणाकडेला उंच वाढणारा आसुपालव निघाला.

तुकोबांचा तो एक अभंग तर आपण पार भिंतीला लावला. झाडांना सोयरे म्हणणारी त्याची पहिली ओळ प्रत्येक महाविद्यालयाच्या कुंपणावर रंगवलेली असते. त्या अभंगात झाडे लावा असे कुठेही म्हटलेले नाही. तिथे एकांताचे सुख आहे, आकाशाचे छत आणि जमिनीचे आसन आहे, गरजा कमी करून घेतलेल्या माणसाचा स्वतःच्या मनाशी संवाद आहे. म्हणजे ती कविता कमी लागण्याची आहे. आपण तिच्यातून घोषणा तेवढी उचलली आणि कमी लागणे वगळले. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत कवितेचा असा अर्थ लावला असता तर आपण गुण कापले असते.

उलट उदाहरण शोधायला मला लांब जावे लागत नाही. आमच्याच शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा सागरमाळ हा नावाप्रमाणेच माळ होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या कारकिर्दीत साडेआठशे एकरांच्या त्या माळाला आकार येऊ लागला. आज तिथे मोर फिरतात, याचे कौतुक सगळेच करतात. मला कौतुक वाटते ते उतारावरून वाहून जाणारे पाणी अडवणाऱ्या तलावांचे, विहिरींचे आणि त्यामागच्या हिशेबाचे. माळावर आधी पाणी थांबवले, मग झाड थांबले. हा क्रम महत्त्वाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा शहराची उपसा केंद्रे बुडाली आणि सगळीकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. त्या दिवसांत माळावरच्या या साठ्यांचा आधार कोल्हापूरकरांना झाला. तो आधार कोणत्याही निकषासाठी उभा केलेला नव्हता.

या उदाहरणातला हिशेब कोणत्याही महाविद्यालयाला करता येतो. आपल्या इमारतीचे छप्पर एक हजार चौरस मीटर आहे असे धरा. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे एक मीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या एका छपरावर दहा लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन वजा केले तरी सात-आठ लाख उरते. दहा हजार लिटरचे सत्तर-ऐंशी टँकर. हे पाणी आपण जूनमध्ये गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकर मागवतो. मला ठाऊक असलेल्या किती तरी महाविद्यालयांच्या अहवालांत ‘पर्जन्यजल संधारण’ हे शीर्षक आहे, त्याखाली एका पाइपाचे छायाचित्रही आहे. तो पाइप कुठे जातो, हे विचारल्यावर समितीचे समन्वयक माझ्याकडे पाहतात. (समन्वयक अनेकदा मीच असतो.)

आणखी एक जुनी गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने तिथली मुले शेतात राबत होती. त्या काळाचे भाबडे कौतुक मला करायचे नाही. फुकटच्या श्रमाला संस्कार म्हणण्याची सवय आपल्याला फार आहे. पण एक गोष्ट नोंदवतो. त्या वाक्यांत कर्ता होता. मुलांनी विहीर खणली, मुलांनी भाजी पिकवली आणि खाल्ली. ज्याने पाणी शेंदले त्याला पाण्याची किंमत शिकवावी लागत नव्हती.

ती आज शिकवावी लागते आणि आपण ती फार विचित्र रीतीने शिकवतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण-शिक्षण अनिवार्य करण्यास सांगितले, २००३ साली पुन्हा बजावले, आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा अभ्यास आला. विषयाला स्वतंत्र शिक्षक मात्र आले नाहीत. ज्याचा कार्यभार कमी त्याच्या गळ्यात तो पडला आणि मराठीच्या प्राध्यापकांचा कार्यभार बहुधा कमीच असतो. अशा रीतीने मी पर्यावरण शिकवू लागलो. विद्यार्थी प्रकल्प लिहून आणतात. साठ वह्यांत एकच ‘पंचगंगा प्रदूषण’ असते, मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेले.

काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेला शिरोळ तालुक्यातली एक विद्यार्थिनी आली. वहीचे पहिले वाक्य ‘पंचगंगा ही कोल्हापूरची जीवनदायिनी आहे’ असे होते. सहज गाव विचारले तर ते तेरवाड बंधाऱ्याजवळचे निघाले. उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच जिथे पडतो तो हा बंधारा. मग ती बोलू लागली. पाण्याचा रंग कसा बदलतो, मासे मरायच्या आधी वर येऊन तोंड कसे उघडतात, वास किती दिवस जात नाही, घरचे लोक जनावरे नदीवर न्यायची कधीपासून थांबले, हे सगळे तिने दहा मिनिटांत सांगितले. मी म्हटले, ‘हे का नाही लिहिलेस?’ ती म्हणाली, ‘सर, असलं लिहिलेलं चालतं व्हय?’

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण चालत नाही हे तिला शिकवणारा मीच होतो. प्रकल्पाचा साचा मीच ठरवून दिला होता : प्रस्तावना, उद्दिष्टे, कारणे, उपाय, निष्कर्ष. त्यात ‘मी पाहिले’ या क्रियापदाला जागाच नव्हती. तिचा कर्ता मी काढून घेतला होता. तिला मी पूर्ण गुण दिले, हा माझा दुसरा अपराध.

आपल्या कुंपणाच्या आतला ‘हरित परिसर’ आणि कुंपणाबाहेरची पंचगंगा यांना जोडणारा एक नाला असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तोवर तिच्यात शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगांचे रंग मिसळलेले असतात. जयंती नाल्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी कसबा बावड्यात दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, तरी नदीची तक्रार संपली नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने शहरात पाणी आले, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. दाराशी नदी असलेल्या शहराने तिला ओलांडून लांबून पाणी आणले, याचा अर्थ काय, यावर एखादाही परिसंवाद मराठी विभागाने घ्यायला हवा होता. आपल्या प्रयोगशाळेचे धुणे, वसतिगृहाचे सांडपाणी, उपाहारगृहाचे खरकटे कोणत्या नाल्यातून कुठे जाते, हे ज्या महाविद्यालयाला ठाऊक नाही, त्याने भिंतीवर हिरवा रंग लावू नये.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की काहीच नसण्यापेक्षा हे बरे. निमित्ताने का होईना, चार झाडे जगतात. मला हे मान्य नाही. खोट्या अहवालाने खऱ्या कामाची जागा अडते. ज्या समितीने ‘पर्जन्यजल संधारण आहे’ असे एकदा लिहून गुण घेतले, ती पुढच्या वर्षी त्यासाठी पैसे मागू शकत नाही. जे आहे ते पुन्हा कसे मागणार? दुसरा आक्षेप पैशांचा. अनुदानित महाविद्यालयांची अवस्था मी जाणतो, रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावरचे सहकारी मी रोज पाहतो. पण मी जे मागतो आहे त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्याला खरे लिहिण्याची तयारी लागते आणि ते तर आपले काम आहे.

माझी मागणी साधी आहे. झाडांची मोजदाद पाच जूनला न करता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करावी आणि तिला नोंदवही असावी : झाडाचे नाव, जागा, लावणाऱ्याचे नाव, पाणी घालणाऱ्याचे नाव, जिवंत की मेलेले. शिपाईमामांनी पाणी घातले असेल तर मामांचे नाव लिहावे. मेलेल्या झाडाची नोंद खोडू नये. रोपे ठेकेदाराकडे जी असतील ती न घेता या मातीतली, करंज, जांभूळ, उंबर, पळस, अशी घ्यावीत आणि जेवढ्यांना उन्हाळाभर पाणी देता येईल तेवढीच लावावीत. पाच तर पाच. पाण्याच्या टाकीला मापक बसवून महिन्याचा आकडा सूचनाफलकावर लावावा. पर्यावरणाच्या प्रकल्पात पहिले पान ‘मी पाहिले’ याने सुरू व्हावे आणि विषय स्वतःच्या गावाचाच असावा. आणि आपण, म्हणजे ज्यांची भाषा चांगली आहे अशांनी, जे आपण पाहिलेले नाही ते लिहून देण्यास नकार द्यावा.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण त्यात प्राचार्यांची नाराजी आहे आणि गुण कमी होण्याची भीती आहे. मला ती आहे. तरीही यंदा अहवालासाठी कागद आले तेव्हा मी ते वाक्य लिहिले नाही. त्याऐवजी लिहिले : ‘मागील वर्षी आम्ही चाळीस रोपे लावली. त्यांपैकी सात जगली. त्या सातांना दोन शिपाईमामांनी पाणी घातले.’ सहकाऱ्याने कागद वाचला आणि हे असे लिहिलेले चालेल का, असे विचारले. शिरोळच्या त्या मुलीचाच हा प्रश्न होता. चालेल, असे मी म्हणालो. कागद अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहे.